टच

व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारला आणि बॉल ब्लॉकवाल्याच्या, म्हणजे नेटपाशी हात वर करून अडवणाऱ्याच्या, बोटाच्या टोकाला जरासा लागून बाहेर गेला तर पॉइंट मारणाऱ्याचा, आणि कुठेच न लागता बाहेर गेला तर ब्लॉकवाल्यांचा. एवढाच नियम. पण या नखाएवढ्या फरकावर मी कोर्टवर जेवढं नाटक बघितलंय ना, तेवढं गोव्यातल्या आमच्या पेडण्याच्या जत्रेत रात्रभर दशावतार बघून पण बघितलं नसेल. ज्याच्या बोटाला लागलंय त्याला शंभर टक्के माहीत असतं, बोट झिणझिणत असतं अक्षरशः, आणि नेमका तोच दोन्ही हात वर करून "आऊट, आऊट" ओरडत रेफरीकडे असा बघतो की बिचाऱ्या रेफरीला वाटावं आपलेच डोळे तपासून घ्यायला हवेत.

मी कॉलेजात असताना खेळायचो, आता इंटर-कॉलेजच्या मॅचेसना लाईन जज म्हणून जातो, हौस म्हणून. कोपऱ्यात झेंडा घेऊन उभं राहायचं, बॉल आत पडला तर झेंडा खाली, बाहेर पडला तर वर, आणि टच दिसला तर झेंडा उभा धरून त्याच्या टोकावर दुसऱ्या हाताचा तळवा ठेवायचा. आपल्याकडे व्हिडिओ चॅलेंज वगैरे काही नाही, दोन लाईन जज मिळाले तरी नशीब म्हणायचं. त्यामुळे अर्धे टच आम्हाला दिसतच नाहीत, आणि जे दिसत नाहीत त्यांचं काय होतं ते त्या पोराच्या मनावर असतं. कॉलेजमध्ये खिलाडूवृत्ती वगैरे जे काय म्हणतात ते मला तरी इथेच दिसतं, नाहीतर दिसत नाही.

गंमत म्हणजे हे सगळं नियमपुस्तकात लिहिलेलं आहे. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाच्या नियमांत वागणुकीचं वेगळं प्रकरण आहे, त्यात पंचांचा निर्णय मान्य करा, प्रतिस्पर्ध्याशी नीट वागा हे नेहमीचं आहेच, पण त्याच्याच शेजारी असंही म्हटलंय की पंचांवर प्रभाव पाडायला किंवा आपल्या टीमची चूक झाकायला म्हणून काही करू नका. चूक झाकायला! म्हणजे टच लपवून "आऊट" ओरडणं हे चांगुलपणात कमी पडणं नव्हे, ते सरळ नियमाच्या विरुद्ध आहे. मी खेळत होतो तेव्हा हे वाक्य आम्हाला कोणी दाखवलं नव्हतं, आणि आजही कोर्टवरच्या पोरांना विचारा, दहातल्या नऊ जणांनी ऐकलेलं नसतं. लिबेरोने, म्हणजे वेगळ्या रंगाच्या जर्सीतल्या बचाववाल्याने, कुठे ओव्हरहँड द्यायचा नाही ते बरोबर पाठ असतं मात्र.

आता आमच्याकडे खिलाडूवृत्ती वाढवायची म्हणून काय करतात ते सांगतो. उद्घाटनाला शपथ असते. ही शपथ आली ऑलिम्पिकमधून, १९२० साली बेल्जियममध्ये अँटवर्पला पहिल्यांदा घेतली गेली, व्हिक्टर बोइन नावाच्या खेळाडूने घेतली होती, आणि आज शंभर वर्षांनंतर गोव्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या ग्राउंडवर कुणीतरी कॅप्टन तीच गोष्ट माइकवर वाचतो आणि मागे रांगेत उभी पोरं उन्हाने वैतागलेली असतात. मग प्रमुख पाहुणे येतात, उशिरा, आणि हार-जीत महत्त्वाची नाही असं म्हणतात आणि त्यानंतर लगेच गेल्या वर्षी जिंकलेल्या टीमचं कौतुक करतात. शेवटी एक फेअर प्लेची ट्रॉफी असते, ती साधारणपणे पहिल्याच राउंडला बाहेर पडलेल्या टीमला जाते, म्हणजे भांडायला वेळच मिळाला नाही ज्यांना. मी कुचकट बोलतोय, मान्य, पण तुम्ही पण बघितलंय हे.

आणि दुसऱ्या बाजूला काय पणाला लागलेलं असतं ते बघा. पहिल्या तीनात आलं की सर्टिफिकेट, त्याच्यावर पुढे कुठे ना कुठे वजन पडतं, दहावी-बारावीपासून आपल्याकडे खेळाच्या मार्कांची सवय लागलेली असते सगळ्यांना, घरच्यांना पण. इंटर-कॉलेजमध्ये दिसलास तर विद्यापीठाच्या टीमचं सिलेक्शन, तिथून वेस्ट झोन, मग नशीब असेल तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. पोलीस, फायर ब्रिगेड, स्पोर्ट्स कोटा, हे सगळं डोक्यात असतं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला २३-२४ ला बोटाला बॉल लागला तर त्याच्या डोक्यात ती उन्हातली शपथ येणार की हे सगळं येणार? मला त्या पोराचा राग येत नाही खरं सांगायचं तर. राग येतो तो बाकावर बसलेल्या सरांचा, जे त्याच क्षणी तळहात खाली दाबून खूण करतात, गप्प राहा, काही बोलू नको. ती खूण मी इतक्यांदा बघितलीये की आता मॅच चालू असताना माझा एक डोळा बाकाकडेच असतो.

पोरं भाषणातून काही शिकत नाहीत, त्या खुणेतून शिकतात.

गोव्यात अजून एक भानगड आहे जी बाहेरच्यांना पटकन कळत नाही. आपलं राज्य एवढंसं, एका टोकाला पेडणे आणि दुसऱ्या टोकाला काणकोण, मध्ये सगळे एकमेकांना ओळखतात. १९८५ ला गोवा विद्यापीठ झालं, त्याच्याच छत्राखाली बहुतेक सगळी कॉलेजं, म्हणजे आज जो नेटच्या पलीकडून तुझ्यावर स्मॅश मारतोय तो पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या टीममध्ये तुझ्या बाजूच्या बंकवर झोपून ट्रेनने वेस्ट झोनला येणार आहे. त्याच्या आधी येत्या रविवारीच कुठल्यातरी वाड्यावरच्या नाईट टुर्नामेंटमध्ये तो तुझ्याच टीमकडून खेळणार आहे कारण तुमचा सेटर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारा, आजारी आहे आणि त्याचा मावसभाऊ तुमच्या क्लबात आहे. इथे टच लपवलास तर मॅच संपते, गोष्ट संपत नाही. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणतोच, "लागलो मरे तुका त्या दिसा?" आणि मग तो हसतो, कारण आता काय फरक पडतो.

मला वाटतं आपल्याकडे जो काही थोडाफार प्रामाणिकपणा कोर्टवर टिकून आहे तो या ओळखीमुळे टिकून आहे. आपण मनाने फार मोठे आहोत असं काही नाही, आपल्याला परत भेटायचं असतं. मोठ्या राज्यात तो समोरचा पोरगा आयुष्यात परत दिसणार नाही, इथे पंधरा वर्षांनी तो तुमच्या मुलीच्या शाळेत पालक सभेला बाजूला बसतो.

पण ही ओळख दोन्हीकडे कापते, हे पण बोललं पाहिजे. २००४ साली गोव्यातच फुटबॉलच्या सेकंड डिव्हिजनला काय झालं होतं ते जुन्या लोकांना आठवत असेल. वरच्या डिव्हिजनला चढायचं तर गोल फरक लागणार होता, दोन टीम शर्यतीत, आणि शेवटच्या दिवशी दोन मॅचचे स्कोअर आले, एक ५५-१ आणि एक ६१-१. फुटबॉल, बरं का, क्रिकेट नव्हे. नव्वद मिनिटांत एकसष्ट गोल म्हणजे दीड मिनिटाला एक, नुसतं बॉल आणून मध्ये ठेवायलाच तेवढा वेळ जातो. चारही क्लबवर गोवा फुटबॉल असोसिएशनने बंदी घातली. जिथे १८८३ मध्ये शिवोलीत एका आयरिश पाद्रीने फुटबॉल आणला म्हणून आपण अभिमानाने सांगतो, ज्या राज्याने संतोष ट्रॉफी पाच वेळा उचलली, तिथलीच ही गोष्ट. आणि मला त्यात सगळ्यात जास्त खटकतं ते म्हणजे त्यातला "अगदी मित्रत्वाचा" भाग. कुणी कुणाला लाथ मारली नाही, शिवी दिली नाही, रेफरीशी वाद नाही. वरवरच्या शिष्टाचाराच्या हिशोबाने बघितलं तर त्या दोन्ही मॅच अत्यंत खिलाडूपणे पार पडल्या असणार.

म्हणून हस्तांदोलन, गळाभेट, मॅचआधी फोटो, यांना मी फारसं मोजत नाही. मोजायचं ते एकच, की त्याच्यासाठी खिशातून काय गेलं. काहीच गेलं नसेल तर ते चांगले संस्कार आहेत, छान आहेत, पण मी ज्याबद्दल बोलतोय ते हे नव्हे.

खिशातून जाण्याची आपल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट म्हणजे विश्वनाथची. फेब्रुवारी १९८०, वानखेडे, भारतीय क्रिकेट बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवाची टेस्ट. इंग्लंड ५ बाद ५८ अशी अवस्था झालेली, त्यात विकेटकीपर बॉब टेलरला अंपायरने कॉट बिहाइंड दिलं, टेलर घुटमळला, आणि कॅप्टन विश्वनाथने, जो स्लिपमध्ये उभा होता आणि ज्याला बॅट लागलेली वाटली नव्हती, अंपायरला सांगून त्याला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने मग १७१ ची भागीदारी केली, बोथमचं शतक, शिवाय मॅचमध्ये तेरा विकेट, आणि आपण दहा विकेटनी हरलो. आमच्या घरी ही गोष्ट काका सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज भरून यायचा. आणि दरवेळी बाजूला बसलेले दुसरे काका म्हणायचे, ते ठीक आहे रे, पण बाकीच्या दहा जणांना विचारलं होतं का त्याने?

लहानपणी मला हे दुसरे काका आवडायचे नाहीत. आता मला त्यांचा प्रश्न पहिल्या काकांच्या भरून आलेल्या आवाजाइतकाच खरा वाटतो. कॅप्टनने दाखवलेल्या मोठेपणाचं बिल टीम भरते, मग तो मोठेपणा नक्की कुणाचा? मला त्याचं उत्तर असं वाटतं, की विश्वनाथने टीमची विकेट दान केलीच नाही, कारण त्याच्या माहितीप्रमाणे ती टीमची नव्हतीच. जे आपलं नाही ते परत करायला दहा जणांची परवानगी कशाला लागते. दान आणि परतफेड यातला फरक आहे हा, आणि टचचं पण तसंच आहे. बोटाला लागलाय म्हणजे पॉइंट त्यांचाच आहे, मी देत नाहीये. हे पोरांना असं सांगितलं की पटतं त्यांना, मोठ्या मनाने वागा म्हटलं की नाही पटत, मोठं मन कुणाला परवडतं विसाव्या वर्षी.

तरी दान पण असतं. खरंखुरं दान. आणि मला माहीत असलेलं सगळ्यात भारी उदाहरण कॉलेजच्याच खेळातलं आहे, अमेरिकेतलं, सॉफ्टबॉलचं, म्हणजे बेसबॉलच्याच धर्तीचा खेळ. एप्रिल २००८, सेंट्रल वॉशिंग्टन आणि वेस्टर्न ओरेगन या दोन विद्यापीठांच्या मुलींची मॅच. ओरेगनची सारा टुकोल्स्की, बुटकीशी, कधी म्हणजे कधी होमरन मारलेला नाही, तिने दोन जणी बेसवर असताना बॉल कुंपणापलीकडे मारला. पहिल्या आनंदात पहिल्या बेसला पाय लावायचाच राहिला, परत वळली आणि गुडघा गेला, तिथेच कोसळली. आता नियम असा की बॉल कुंपणापलीकडे गेला तरी सगळ्या बेसना पाय लावून फेरी पूर्ण केल्याशिवाय होमरन नाही. अंपायर म्हणाले तिच्या टीममधल्या कुणी हात लावला तर ती आऊट, आणि बदली धावणारी घेतली तर फक्त सिंगल, म्हणजे एका बेसचा फटका, धरणार. कोच पण काय करणार, तिच्या आयुष्यातला एकुलता एक होमरन पुसायचा की काय. तेव्हा समोरच्या टीमची फर्स्ट बेसवाली, मॅलरी होल्टमन, जी स्वतः त्या विद्यापीठाची होमरनची राणी होती, ती अंपायरला विचारते, आम्ही उचलून नेलं तर चालेल का? नियमात ते नाही असं कुठेच नव्हतं. मग होल्टमन आणि लिझ वॉलेस दोघींनी तिला हाताच्या पाळण्यात उचललं आणि एकेका बेसपाशी थांबून तिचा पाय अलगद टेकवत टेकवत शेवटच्या होम बेसला आणलं. मॅच ओरेगनने ४-२ ने जिंकली. सेंट्रल वॉशिंग्टनची पुढे जायची आशा तिथे संपली.

या गोष्टीवर रडणारे खूप लोक आहेत, मी पण व्हिडिओ बघताना गप्प होतो, पण मला तिच्यात आवडतं ते वेगळंच, तो होल्टमनचा प्रश्न. चालेल का, म्हणून विचारलं तिने. तिला नियम माहीत होते, त्यातली फट माहीत होती, आणि आपल्याकडची हुशार पोरं ती फट ज्यासाठी शोधतात त्याच्या बरोबर उलट्या कामासाठी तिने ती वापरली. नियम नीट माहीत असल्याशिवाय असलं काही सुचतच नाही. म्हणून आमच्या पोरांना शपथ देण्याऐवजी नियमपुस्तक वाचून दाखवा असं मी म्हणतो तेव्हा लोकांना वाटतं हा रेफरी लोकांचा किडा बोलतोय. असेल.

अजून एक, २०१२ च्या डिसेंबरमधली. स्पेनमध्ये नवारा भागात बुर्लादा नावाच्या गावी क्रॉसकंट्री होती. केनियाचा आबेल मुताई, त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकला स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीत, ब्राँझ मिळवलेला, तो पुढे होता आणि रेषा संपली असं समजून आधीच थांबला. मागून इव्हान फर्नांडेझ अनाया आला. तो ओलांडून जाऊ शकत होता, गेला नाही, त्याला खुणा करून करून रेषेपलीकडे पाठवलं आणि स्वतः दुसरा आला. व्हॉट्सॲपवर ही गोष्ट शंभर वेळा आलीये, खोट्या संवादांसकट. पण जे फॉरवर्डमध्ये येत नाही ते असं, की त्याचे कोच मार्टिन फिझ, जे स्वतः मॅरेथॉनचे जगज्जेते, ते म्हणाले मी असतो तर फायदा घेतला असता. आणि खुद्द अनायाने नंतर मुलाखतीत प्रामाणिकपणे सांगितलं की युरोपियन किंवा वर्ल्ड मेडल पणाला असतं तर कदाचित मी पण जिंकायला गेलो असतो.

मला हे फार आवडलं. लोकांना हे वाचून तो लहान वाटतो, मला नाही वाटत. तो किंमत सांगतोय. एवढ्यापर्यंत मी देऊ शकतो, त्याच्या वर माहीत नाही. आणि म्हणूनच मला वाटतं की हे शिकायची जागा कॉलेजच आहे, कारण इथे किंमत परवडणारी आहे. सर्टिफिकेट, मार्क, सिलेक्शन, हे विसाव्या वर्षी डोंगराएवढं वाटतं पण इंटर-कॉलेजची सेमीफायनल हरल्यामुळे कुणाचं आयुष्य बुडालेलं मी बघितलेलं नाही. पुढे पोट त्यावर अवलंबून राहिलं की मग शिकायला फार उशीर होतो. सप्टेंबर २०२३ ला दिल्लीत राज्य स्पर्धेत डोपिंग तपासणारे आल्याची बातमी फुटली आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या फायनलला आठातला एकच जण धावला, बाकीच्यांना अचानक क्रॅम्प. एक मुलगी तर स्टीपलचेसची रेषा ओलांडून पुढे पळतच सुटली आणि सॅम्पल घेणारे तिच्यामागे. हसायला येतं, पण ही सगळी पोरंपोरी कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या ग्राउंडवरूनच तिथे गेली असणार ना.

बक्षिसं ठेवून हे वाढतं का? व्हॉलीबॉलवाल्यांनी २०२३ च्या नेशन्स लीगमध्ये ग्रीन कार्ड आणलं, रेफरीने व्हिडिओ बघायच्या आत जो स्वतःहून टच मान्य करेल त्याला हिरवं कार्ड. मला कल्पना आवडते, निदान कबूल करणं ही दिसणारी गोष्ट झाली. पण हिशोब आला की हिशोबी लोक येतात हे पण खरं. २०१८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला जपान आणि सेनेगल सगळ्या बाबतीत बरोबरीत, मग फेअर प्लेचे पॉइंट बघितले, जपानची चार पिवळी कार्डं, सेनेगलची सहा, जपान पुढे. झालं काय, शेवटची दहा मिनिटं जपान पोलंडकडून एक गोलने हरत असताना आपल्याच हाफमध्ये बॉल इकडून तिकडे करत बसले, न जाणो कुणाला कार्ड मिळालं तर. स्टेडियम हुर्यो करत होतं. फेअर प्लेसाठी खेळच बंद पाडला, याच्यापेक्षा मोठा विनोद मला माहीत नाही.

आता एक गोष्ट जी मला जास्त खुपते. आपल्याकडे "खिलाडूवृत्ती दाखवा" हे वाक्य कोण कुणाला म्हणतं ते कधी नीट ऐका. जिंकलेला हरलेल्याला म्हणतो. आयोजक पाहुण्या टीमला म्हणतात. मागे एका मुलींच्या मॅचला स्कोअरशीटवर एक पॉइंट चुकीच्या बाजूला लागला, यजमान कॉलेजच्या बाजूला, योगायोगाने म्हणा. पाहुण्या टीमच्या कॅप्टनने तिथल्या तिथे फर्स्ट रेफरीला सांगितलं, तो म्हणाला खेळा. तिने खेळलं. मॅच संपल्यावर ती स्कोअरशीटकडे गेली आणि आपला आक्षेप लिहून द्यायचाय म्हणाली, शांतपणे, कारण नियमाप्रमाणे कॅप्टनला तो हक्क आहे, त्याच वेळी नोंद करून ठेवली असेल तर मॅचनंतर लिहिता येतं. काय गलका झाला! एक सर म्हणाले, बघा, हरल्या की रडतात, स्पिरिट नाही. दुसरे म्हणाले मुलींनी एवढं ताणू नये. ती मुलगी लिहीत होती, हात थरथरत होता, पण पूर्ण लिहून सही करून विरोधी कॅप्टनशी हात मिळवून गेली. त्या दिवशी त्या हॉलमध्ये नियम आणि खेळ दोन्ही सांभाळणारी ती एकटी होती असं माझं मत आहे. आक्षेपाचं पुढे काही झालं नाही, ते असो.

विनू मांकडचं पण असंच झालं ना. डिसेंबर १९४७, सिडनी, ऑस्ट्रेलियाचा बिल ब्राउन बोलरच्या टोकाला उभा असताना बॉल टाकायच्या आधीच क्रीज सोडून पुढे जायचा, मांकडने त्याला आधीच्या एका मॅचमध्ये ताकीद देऊन झाली होती, मग केलं रनआऊट. ब्रॅडमन, समोरचा कॅप्टन, त्याने मांकडची बाजू घेतली. तरी सत्तर-पंचाहत्तर वर्षं क्रिकेट जगाने त्या माणसाचं आडनाव शिवीसारखं वापरलं, आणि आगाऊ पळून फायदा घेणारा मात्र सभ्य. २०२२ ला कुठे तो प्रकार कायद्यात अनफेअर प्लेच्या कलमातून काढून साध्या रनआऊटमध्ये टाकला, आणि त्याच वर्षी लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने तसं आऊट केलं तर परत तेच स्पिरिटचं रडगाणं. खेळाच्या स्पिरिटवर ज्यांची मालकी आहे असं त्यांना वाटतं, ते बाकीच्यांना ते शिकवत असतात, नेहमीचंच.

तर आम्ही काही जुन्या खेळाडूंनी चतुर्थीनंतर एक उद्योग सुरू केला. आठवड्यातून एकदा संध्याकाळी दोन-तीन कॉलेजच्या पोरापोरींच्या प्रॅक्टिस मॅच, पण रेफरीशिवाय. कल्पना अल्टिमेट फ्रिस्बीवाल्यांची, म्हणजे उडती तबकडी फेकून खेळतात त्यांची, त्यांच्यात वर्ल्ड चॅम्पियनशिपला पण रेफरी नसतो, खेळाडूच फाऊल सांगतात आणि मॅच झाल्यावर समोरच्या टीमला स्पिरिटचे मार्क देतात, पाच गोष्टींवर, प्रत्येकी शून्य ते चार. आम्ही मार्क वगैरे ठेवले नाहीत, फक्त टच आणि नेटला अंग लागलं तर ते ज्याचं त्याने सांगायचं.

सुरुवातीला वाट लागली. एक सेट संपायला तास. जो मोठ्याने ओरडतो त्याचे पॉइंट आणि जो शांत आहे तो देतच सुटलाय, म्हणजे प्रामाणिकपणाची शाळा काढली आणि दादागिरीचा वर्ग भरला. मग ठरवलं की वाद झाला तर फक्त दोन कॅप्टन बोलतील, आणि त्यांना पण ठरवता आलं नाही तर रॅली, म्हणजे तो पॉइंट, परत खेळायचा. याने फरक पडला. भांडून काही मिळत नाही, फार तर रॅली परत खेळायला मिळते, हे कळल्यावर ओरडणाऱ्यांचा घसा बसला. हळूहळू पोरं रॅली संपायच्या आधीच "टच टच" म्हणून हात वर करायला लागली. एकदा एकाने सेट पॉइंटला हात वर केला तर त्याचाच सेटर, "पिसो जालो काय तूं?", वेडा झालास काय, करून अंगावर गेला, सगळे हसले, सेट गेला. पोरींच्या मॅच मात्र पहिल्यापासून नीट चालल्या. का ते मी सांगू शकत नाही, अंदाज आहेत पण ते लिहिले तर घरी बोलणी बसतील.

मग इंटर-कॉलेज सुरू झालं आणि परवा रात्री एका कॉलेजच्या सरांचा फोन. आवाज तापलेला. तिसऱ्या सेटमध्ये २२-२२ असताना त्यांच्या ब्लॉकरने, आमच्याकडे येणाऱ्याच एकाने, रेफरीने पॉइंट ह्यांना दिलेला असताना हात वर करून टच सांगितला, रेफरीने निर्णय फिरवला, सेट गेला, मॅच पण गेली. "तुमी आमच्या भुरग्यांक वायट संवय लायली मरे!" म्हणजे आमच्या पोरांना वाईट सवय लावलीत. मी म्हटलं सर, टच होता ना पण? तर म्हणाले, होता म्हणून काय सांगत सुटायचं? पुढच्या वेळेपासून माझी टीम तुमच्याकडे पाठवणार नाही, म्हणाले, आणि ठेवला फोन.

या बुधवारी त्यांची टीम आली. सगळीच्या सगळी, तो ब्लॉकर धरून. आमचं नेट एका बाजूने फाटलंय हे त्यांना माहीत होतं, म्हणून येताना कॉलेजचं नेट पण घेऊन आले. सरांना विचारून आणलं का म्हणून मी काही विचारलं नाही.